संशोधनाचा अनुशेष



हैदराबाद मुक्तिसंग्रामातील सैनिकांच्या स्मृतीसाठी आपण आज अर्धापुरात जमलो आहोत. त्यांच्या धाडसाच्या गोष्टी मी तुम्हाला सांगायची गरज नाही, त्या तुमच्या घरांत आहेत. मला आठवण करून द्यायची आहे ती लढाईनंतरच्या दिवसांची. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची राजवट संपली. मग या माणसांनी काय केले? त्यांनी कॉलेजे काढली. नांदेडचे पीपल्स कॉलेज १९५० सालचे. त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादला कॉलेज सुरू केले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपाला आले. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ उभे राहिले. आणि १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मुद्दाम मुक्तिदिन निवडून, नांदेडला या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे विद्यापीठ सुरू झाले.

या माणसांना कॉलेजाची एवढी घाई का होती? कारण उच्च शिक्षणासाठी हैदराबाद गाठावे लागणे म्हणजे काय, हे त्यांनी भोगले होते. १९१८ चे उस्मानिया विद्यापीठ होते, पण त्याचे माध्यम उर्दू. शेतकऱ्याच्या मराठी बोलणाऱ्या मुलाला तिथवर पोचणेच कठीण होते. म्हणून स्वातंत्र्य मिळताच पहिली मागणी झाली ती ज्ञानाची, आपल्या भाषेत, आपल्या गावाजवळ.

त्या वारशाचा एक हिशेब आज मला तुमच्यापुढे मांडायचा आहे. विद्यापीठ चालते कशावर? शिकवण्याचा पैसा कुठून येतो? संशोधनाचा कुठून येतो? आणि आपल्या वाट्याला त्यातले काय येते? विषय रुक्ष वाटेल. पण धरणाचे पाणी कोणत्या चारीतून कोणाच्या शेतात जाते, हे कालव्याकाठच्या अर्धापूरकरांना तोंडपाठ असते. विद्यापीठाच्या पैशाचेही तसेच तोंडपाठ असावे, एवढीच माझी इच्छा. मी तीन मुद्दे मांडणार आहे: आधी शिकवण्याचा पैसा, मग संशोधनाचा पैसा, आणि शेवटी या दोन्हींची ताटातूट झाल्यामुळे आपल्यासारख्या भागाचे काय होते ते.

पहिला मुद्दा, शिकवण्याचा पैसा.

आपल्याकडचे अकृषी विद्यापीठ मुख्यतः दोन आधारांवर उभे असते. एक आधार राज्य शासनाचा. शासनाचे अनुदान म्हणजे प्रामुख्याने मंजूर पदांचे पगार. अनुदानित महाविद्यालयांतही हेच. पगाराव्यतिरिक्त वीज, ग्रंथालय, प्रयोगशाळेतली रसायने, इमारतीची डागडुजी यांसाठी जे वेतनेतर अनुदान लागते, त्याची वाट पाहण्यातच प्राचार्यांची वर्षे जातात. दुसरा आधार विद्यार्थ्यांचा: परीक्षा शुल्क, प्रवेश शुल्क, आणि महाविद्यालयांकडून येणारे संलग्नता शुल्क. मागास आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील मुलांचे शुल्क शासन भरते. ते भरलेच पाहिजे. पण ती प्रतिपूर्ती उशिरा येते, आणि तोवर भार उचलते ते छोटे, ग्रामीण महाविद्यालय.

हा साचा आला कुठून? १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. शिकवायचे महाविद्यालयांनी, परीक्षा घ्यायची विद्यापीठाने. विद्यापीठ म्हणजे परीक्षा घेणारे आणि पदवी देणारे कार्यालय, ही कल्पना तेव्हा रुजली. विद्यापीठाने स्वतः शिकवावे, स्वतः संशोधन करावे, याला कायद्याची वाट मिळाली ती १९०४ मध्ये. म्हणजे संशोधन आपल्या विद्यापीठांत जवळजवळ पन्नास वर्षे उशिरा आले, आणि अजूनही ते पाहुण्यासारखेच बसले आहे. आजही कुलगुरूंच्या टेबलावरची सर्वांत जाड फाईल परीक्षेची असते. ज्या कामातून उत्पन्न येते, त्याच कामात संस्थेचे मनुष्यबळ जाते. शेकडो महाविद्यालयांचे पेपर काढायचे, तपासायचे, निकाल लावायचे, पुनर्मूल्यांकन करायचे. यातून वेळ उरलाच तर संशोधन.

१९८३ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना महाराष्ट्राने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. जागा वाढल्या, खेड्यातली मुले इंजिनिअर झाली, हे मान्य केले पाहिजे. पण त्याबरोबर एक विचारही पसरला: नवा अभ्यासक्रम हवा असेल तर त्याने स्वतःचा खर्च स्वतः भागवावा. हा विचार पुढे सरकारी अनुदानावरच्या विद्यापीठांतही शिरला. नवी संकुले, नवे विषय सुरू झाले, पण त्यांना पदे मिळाली नाहीत. जुन्या पदांवरचे प्राध्यापक निवृत्त होत गेले आणि जागा भरण्यासाठी वित्त विभागाच्या मंजुरीची वाट पाहणे सुरू झाले.

या रिकाम्या जागांवर शिकवते कोण? तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक. या सभागृहातही त्यांतले काही बसले असतील. सेट-नेट झालेले, पीएच.डी. झालेले, आणि तासाच्या हिशेबाने, तेही वर्षातले काही महिनेच, मानधन घेणारे. त्यांच्यापुढे मी नम्रपणे उभा आहे, कारण मराठवाड्यातले उच्च शिक्षण आज त्यांच्या खांद्यावर आहे. पण तासाचा पैसा कशाचा असतो, याचा विचार करा. तो वर्गातल्या बोलण्याचा असतो. ग्रंथालयात वाचत बसण्याचा नसतो. विद्यार्थ्याचा प्रबंध तपासण्याचा नसतो. तीन वर्षे एकाच प्रश्नाचा पाठलाग करण्याचा तर नसतोच. पुढच्या जूनमध्ये आपण इथे असू की नाही हे ज्याला माहीत नाही, त्याने दहा वर्षांचा प्रश्न हातात घ्यायचा कसा?

म्हणून आजच्या व्याख्यानातले माझे मुख्य म्हणणे आत्ताच सांगून टाकतो. संशोधनाचा पहिला निधी म्हणजे भरलेली प्राध्यापकाची जागा. बाकी सारे निधी, प्रकल्प, योजना, उपकरणे तिच्यानंतर येतात.

आता दुसरा मुद्दा, संशोधनाचा पैसा.

स्वातंत्र्याच्या आसपास देशाने मोठी स्वप्ने पाहिली. १९४२ मध्ये वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद स्थापन झाली, १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था, १९५० मध्ये पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा. या संस्थांनी देशाचे मोठे काम केले. पण त्यांच्याबरोबर एक वाटणी होऊन गेली: संशोधन प्रयोगशाळांनी करायचे, शिकवायचे विद्यापीठांनी. पैसाही त्याच वाटणीने वाहू लागला. विद्यार्थी एकीकडे राहिले आणि उपकरणे दुसरीकडे गेली.

विद्यापीठांसाठी १९५३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोग आला आणि १९५६ मध्ये त्याला कायद्याचे रूप मिळाले. पण आयोगाचे अनुदान मिळवायला त्या कायद्याच्या ‘बारा-बी’ कलमाची मान्यता लागते, आणि ती मिळवायला पुरेशा इमारती, पुरेसे शिक्षक, पुरेशी साधने आधीच असावी लागतात. २०१३ मध्ये केंद्राने उच्च शिक्षणासाठी रूसा योजना आणली, २०२३ मध्ये तिचे नाव पीएम-उषा झाले. त्यात आपल्यासारख्या राज्यासाठी खर्चाची वाटणी केंद्र साठ टक्के आणि राज्य चाळीस टक्के अशी. एके काळी कॉलेजातल्या साध्या अध्यापकालाही लघुसंशोधन प्रकल्प मिळत असे. रक्कम लहान असे, पण तेवढ्यात गावोगावच्या बोलींची, जत्रांची, विहिरींच्या पाण्याची, किडींची नोंद होत असे. आता तो रस्ता जवळजवळ बंद झाला आहे.

२०२३ मध्ये संसदेने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा केला. पाच वर्षांत ५० हजार कोटी रुपये, असा आकडा जाहीर झाला. त्यातले सुमारे ३६ हजार कोटी शासनाबाहेरून, म्हणजे उद्योग आणि देणगीदारांकडून यावेत अशी अपेक्षा आहे. मला विचारायचे आहे: उद्योगाचा पैसा कुठे जाईल? तो उद्योगाजवळ जाईल. मुंबई विद्यापीठाच्या रसायन तंत्रज्ञान विभागाचे उदाहरण घ्या. १९३३ मध्ये तो सुरू झाला. मुंबईच्या रंग, औषध आणि कापड उद्योगांनी तो जोपासला, तिथल्या माजी विद्यार्थ्यांनीच कारखाने उभारले आणि आपल्या संस्थेला परत देणग्या दिल्या. म. म. शर्मांसारखे संशोधक तिथे घडले. २००८ पासून ती स्वतंत्र अभिमत संस्था आहे. हे यश खरे आहे आणि अभिमानाचे आहे. पण त्यामागे शेजारी मुंबईचा उद्योग होता. हिंगोलीत, कंधारात, किनवटात तो शेजार कुठून आणणार? जिथे उद्योग नाही तिथे पहिले पाऊल शासनालाच टाकावे लागते.

आणि देश म्हणून आपण संशोधनावर खर्च करतो तरी किती? देशाच्या एकूण उत्पन्नाच्या ०.६४ टक्के. दक्षिण कोरियाचा आकडा चार टक्क्यांच्या वर आहे. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये सांगितले होते की शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च व्हावा. सहा दशके होत आली, आपण तिथे पोचलेलो नाही.

संशोधनाला सलग पैसा मिळाला तर काय होते, याची आपल्याच मातीतली दोन उदाहरणे सांगतो.

पहिले कापसाचे. आपल्या नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राने एक संकरित वाण काढला, एनएचएच-४४. तुम्ही त्याला ‘नांदेड-४४’ म्हणता. पाऊस लांबला तरी तग धरणारा, ओढ संपली की पुन्हा फुटणारा, कोरडवाहू शेतकऱ्याचा वाण. तो परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या केंद्रातून आला, म्हणजे तुमच्या-माझ्या करातून आला. हे घडू शकले कारण कृषी संशोधनाची पैशाची व्यवस्था वेगळी आहे. भारतीय कृषी संशोधन परिषदेचे अखिल भारतीय समन्वित प्रकल्प असतात. त्यांत ७५ टक्के वाटा परिषदेचा, २५ टक्के राज्याचा. वर्षानुवर्षे तेच पीक, तेच केंद्र, पैदासकाराचे पद मंजूर. केळीच्या बागेत घड पडायच्या आधी किती महिने पाणी, खत आणि मजुरी घालावी लागते, हे अर्धापूरला कोणी शिकवू नये. संशोधनाचेही तसेच आहे, फक्त महिन्यांच्या जागी वर्षे धरा.

पण त्याच वाणाची गोष्ट पुढेही ऐका. २००२ मध्ये देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली. बीटीचे जनुक कंपन्यांच्या हातात होते आणि ते खासगी वाणांत गेले. सार्वजनिक वाणाला ते वेळेवर मिळाले नाही. पाहता पाहता ‘नांदेड-४४’ शेतातून मागे पडला. महाबीज या राज्याच्या बियाणे महामंडळाच्या साथीने त्याचे बीटी रूप आले ते कितीतरी वर्षांनी. तोवर शेतकऱ्याची सवय बदलली होती आणि बाजारही बदलला होता. यातून काय शिकायचे? वाण काढायला पैसा लागतो, तसा तो काळाबरोबर ठेवायलाही लागतो. संशोधनाचा निधी खंडित झाला की आधी घातलेलाही वाया जातो.

दुसरे उदाहरण इथून हिंगोलीच्या रस्त्याने गेले की लागते. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहणार आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि त्यांत अणूहूनही सूक्ष्म हालचाल मोजायची, दूरच्या विश्वात कृष्णविवरे एकमेकांवर आदळतात तेव्हा उठणाऱ्या गुरुत्वीय लहरींची. अमेरिकेतल्या मूळ लायगो प्रकल्पाला १९९० मध्ये मंजुरी मिळाली आणि पहिली लहर पकडली गेली १४ सप्टेंबर २०१५ रोजी. पंचवीस वर्षे! तोवर तिथल्या शासनाने पैसा घातला आणि वाट पाहिली. आणि आपल्याकडे? खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी १९८८ मध्ये पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची आंतरविद्यापीठ संस्था उभी केली, ती विद्यापीठ अनुदान आयोगाच्या पैशातून, सगळ्या विद्यापीठांतल्या शिक्षकांना मोठ्या साधनांपर्यंत पोचता यावे म्हणून. तिथे संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी १९९० च्या सुमारास, लहर सापडण्याच्या पाव शतक आधी, गोंगाटातून लहर ओळखण्याचे गणित मांडत होते. त्यांना कोणी विचारले नाही की यंदा याचा काय उपयोग झाला. त्यांची पदे कायम होती, म्हणून गणित पुरे झाले.

आता माझा प्रश्न. औंढ्याची वेधशाळा चालू होईल तेव्हा तिथे विदा विश्लेषण करायला, लेझर सांभाळायला, निर्वात नळ्यांची देखभाल करायला कोण असेल? पुण्या-मुंबईची, दिल्ली-चेन्नईची मुले येतील, त्यांचे स्वागतच आहे. पण हिंगोली, वसमत, कळमनुरीच्या मुलांच्या वाट्याला काय येईल? फक्त फाटकावरची पहारेदारी? ते काम प्रामाणिक आहे, पण तेवढेच असू नये. आत्तापासून इथल्या महाविद्यालयांत भौतिकशास्त्राच्या जागा भरल्या, प्रयोगशाळा चालत्या झाल्या, तरच दहा वर्षांनी इथली मुलगी त्या नियंत्रण कक्षात बसेल.

आता तिसरा मुद्दा, ज्याचे नाव मी या व्याख्यानाला दिले आहे.

१९७४ मध्ये मराठवाड्यातले विद्यार्थी विकासासाठी रस्त्यावर उतरले. पुढे प्रा. वि. म. दांडेकर यांच्या समितीने १९८४ मध्ये प्रादेशिक असमतोलाचा अहवाल दिला आणि ‘अनुशेष’ हा शब्द घरोघरी पोचला. सिंचन, रस्ते, वीज, शिक्षण, प्रत्येकाचा अनुशेष मोजला गेला. पण संशोधनाचा अनुशेष कोणी मोजला? ज्या भागाचे प्रश्न कोणी अभ्यासलेलेच नाहीत, त्या भागाचा हा अनुशेष आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, हजारो माणसे दगड-मातीच्या घरांखाली गेली. मार्च २०२४ मध्ये हिंगोलीच्या धक्क्याने आपणही अर्धापुरात घराबाहेर पळालो. आपल्या जमिनीखाली काय चालले आहे? केळीवरचा करपा, हळदीचा कंद कुजणे, खोल जाणाऱ्या बोअरचे पाणी, ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांची शाळा, शेतकऱ्यांच्या आत्महत्या, या सगळ्यांचा वर्षानुवर्षे, नोंदी ठेवून, सलग अभ्यास कोणी करायचा? दिल्लीतला संशोधक येईल, एक लेख लिहील आणि जाईल. सलग अभ्यास तोच करील, जो इथे राहतो.

पण पैसा मात्र स्पर्धेने वाटला जातो. ज्याच्याकडे आधीच उपकरण आहे, शोधनिबंध आहेत, मानांकन आहे, त्याला नवा प्रकल्प. ज्याच्याकडे काही नाही, त्याला काहीच नाही. स्पर्धा वाईट नाही, पण ती सुरू होण्याआधी सगळ्यांच्या पायांत चपला तरी असाव्यात. अमेरिकेत १८६२ मध्ये लिंकन यांच्या काळात मॉरिल कायदा झाला. राज्यांना जमिनी दिल्या गेल्या आणि त्यांच्या विक्रीतून शेतकरी-कारागिरांच्या मुलांसाठी विद्यापीठे निघाली. १८८७ च्या हॅच कायद्याने प्रत्येक राज्याच्या शेती प्रयोग केंद्राला वर्षाला १५ हजार डॉलर ठरवून दिले. स्पर्धा नाही, अर्ज नाही. प्रत्येक राज्याला, दरवर्षी. तळाचा निधी असा कायम होता, म्हणून वर मोठे विज्ञान उभे राहिले.

इथे काही जण मला अडवतील. म्हणतील, सर, आपल्या ग्रामीण विद्यापीठांत संशोधन होते तरी कसले? पीएच.डी. उचलेगिरीच्या, नियतकालिके पैसे घेऊन छापणारी. या आक्षेपाला मी बगल देणार नाही. तो बऱ्याच अंशी खरा आहे. पदोन्नतीसाठी गुण मोजण्याची पद्धत आली आणि निबंधांचा पूर आला. त्याला केवळ धोरण जबाबदार नाही, आम्ही शिक्षकही आहोत. पण म्हणून निधी बंद करायचा का? दूध पातळ आले म्हणून गाईचा चारा बंद केला तर काय हाती येईल? निधी द्या, आणि हिशेब मागा. हिशेब निबंधांच्या संख्येचा नको. त्या अभ्यासातून काय कळले आणि ते कोणाच्या कामी आले, याचा मागा. तालुक्याच्या गावी येऊन, मराठीत, लोकांसमोर सांगायला लावा.

माझ्या मागण्या मोजक्या आहेत. पहिली, मंजूर जागा कायमस्वरूपी भराव्यात आणि जागा रिकामी होण्याआधी भरतीची प्रक्रिया सुरू व्हावी. दुसरी, प्रत्येक अकृषी विद्यापीठाला शिक्षकांच्या आणि विद्यार्थ्यांच्या संख्येवरून ठरलेला, दरवर्षी मिळणारा, संशोधनाचा आधारनिधी असावा आणि मागास भागाला त्यात झुकते माप असावे. तिसरी, संशोधक विद्यार्थ्याचे विद्यावेतन महिन्याच्या महिन्याला मिळावे. बार्टी, सारथी, महाज्योती या शासकीय संस्थांच्या विद्यावेतनासाठी मुलांना उपोषणाला बसावे लागू नये. आणि चौथी, कॉलेजातल्या साध्या अध्यापकासाठी तो छोटा प्रकल्प पुन्हा सुरू करावा.

हे सारे शासनाने करायचे. मग आपण काय करायचे?

२०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांचे दहा प्रतिनिधी असतात. विद्यापीठाचा अर्थसंकल्प अधिसभेत मांडला जातो. या सभागृहात किती पदवीधर आहेत? आणि त्यांतल्या किती जणांनी पदवीधर मतदार म्हणून नाव नोंदवले आहे? मी हात वर करायला सांगत नाही. पण ग्रामपंचायतीच्या मतदार यादीत नाव नसले तर आपण तहसील गाठतो, आणि विद्यापीठाच्या यादीत नाव नसले तर वर्षानुवर्षे आपल्याला ते कळतही नाही. नाव नोंदवा. मत मागायला येणाऱ्या उमेदवाराला तीन प्रश्न विचारा. किती जागा भरल्या? उत्पन्नातला किती पैसा परीक्षेवर गेला आणि किती संशोधनावर? आणि त्या संशोधनात आमच्या जिल्ह्याचा कोणता प्रश्न होता?

मुक्तिसंग्रामातल्या माणसांनी राज्यकर्त्याला प्रश्न विचारले, तेव्हा त्याची किंमत तुरुंग होती, कधी जीव होता. आपल्याला त्याची किंमत एक अर्ज आणि एक फेरी एवढीच आहे. ती न देण्याचे कारण आपल्यापाशी नाही. अधिसभेच्या येत्या निवडणुकीआधी अर्धापूर तालुक्यातल्या प्रत्येक पदवीधराचे नाव त्या यादीत असावे, एवढे काम आजच्या सभेने अंगावर घ्यावे, अशी माझी विनंती आहे.